दोघांनाही फॅटी लिव्हर निघालंय, एकच डबी दोघांना चालेल का?

साखरपेठेतली आक्का

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, वय ५१. घरीच टॉवेलच्या काठांना शिलाई मारते. आमचे हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर जॉबर आहेत, वय ५५. मागच्या महिन्यात गल्लीतल्या मंडळाने तपासणी शिबिर ठेवलं होतं, तिथं दोघांची रक्ततपासणी झाली आणि पुढं सोनोग्राफीही करून घेतली. दोघांनाही फॅटी लिव्हर निघालं. यांचं ग्रेड २, माझं ग्रेड १.

यांच्या रिपोर्टवर एसजीपीटी ६२ आहे, ठळक अक्षरात. एसजीपीटी आणि एसजीओटी ही लिव्हरची एन्झाइम, लिव्हरला त्रास झाला की वाढतात म्हणे. एसजीओटी ३४, प्लेटलेट २ लाख ६० हजार, तीन महिन्यांची साखर ६.९. वजन ७८, पोटाचा घेर ३८ इंच. बीपीची गोळी आणि रक्त पातळ राहायची गोळी आधीपासून चालू आहे. माझं एसजीपीटी ३८, एसजीओटी ३६, प्लेटलेट २ लाख १० हजार, साखर नॉर्मल. वजन ५८, उंची पाच फूट, घेर ३४ इंच. माझ्या रिपोर्टवर एकही आकडा ठळक नाही, कारण शेजारी छापलंय "४५ पर्यंत नॉर्मल". म्हणून घरात सगळी चिंता यांचीच चाललीय, आणि खरं सांगायचं तर मीही तीच करत होते.

एक गोष्ट मनाला लागलीय. रिपोर्ट कळल्यापासून नातेवाईक पहिलं विचारतात, "भाऊजी घेतात का हो?" आमच्या यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. आमच्या घरात माळ आहे, दर कार्तिकीला पंढरपूर चुकत नाही. तरी लोकांच्या नजरेत लिव्हर म्हटलं की दारूच.

आता मूळ प्रश्न. शेजारच्या वैनी साखळी पद्धतीने विकतात त्या कंपनीचा "लिव्हर शुद्धी संच" त्यांनी आणून दिलाय, ३,४५० रुपयांचा. त्यात एक पावडरचा डबा आणि दोन डब्या कॅप्सूल आहेत. डबीवर बारीक अक्षरात लिहिलंय: ग्रीन टी अर्क, गुळवेल अर्क, हळदीचा अर्क काळी मिरीसह, कुटकी, सिलिमारिन. वैनी म्हणतात, "नैसर्गिक आहे, दोघं मिळून घ्या, डोस एकच." शिबिरातल्या डॉक्टरांनी यांना व्हिटॅमिन ई ची ४०० ची कॅप्सूल लिहून दिली, मला काहीच नाही. हे म्हणतात, "तू पण माझ्यातलीच एक घे की." शिवाय मी पाळी जास्त जायची म्हणून सहा-सात वर्षं लोहाची गोळी घेते. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, तरी सवयीने चालू आहे, आणि अशक्तपणा नको म्हणून यांनाही तीच देते.

बाईमाणसाचं लिव्हर आणि पुरुषाचं लिव्हर यात फरक असतो का? औषध एकच चालतं का? कुणाला खरंच माहिती असेल तर सांगा की वो. डबी अजून फोडलेली नाही.

कुंभारवेस

आक्का, माझ्या भावाने असाच संच तीन महिने घेतला, त्याला काही झालं नाही. एसजीपीटी ८० वरून ४८ वर आलं. पण त्याच तीन महिन्यांत त्याने रात्रीचं पार्सल बंद केलं आणि सकाळी संभाजी तलावाला चार फेऱ्या मारायला लागला, वजन सहा किलो उतरलं. श्रेय डबीचं की फेऱ्यांचं ते मला सांगता येणार नाही. चालणं मात्र दोघांनीही आजच सुरू करा.

मेडिकलवाला, विजापूर रोड

आक्का, डबी फोडली नाहीत हे फार बरं केलंत. माझं औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली, आणि मी स्वतः असे संच विकणं बंद केलंय. कारण सांगतो.

तुमच्या यादीतल्या तीन गोष्टींनी लिव्हरला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. ग्रीन टी कपात पिताना काही होत नाही, पण तिचा दाट अर्क कॅप्सूलमध्ये भरला की प्रकरण वेगळं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीमधला मुख्य घटक, पोटात गेलं तर लिव्हरची एन्झाइम वाढू शकतात. तुमच्या डबीवर मिलिग्रॅम लिहिलंय का बघा. बहुतेक वेळा नुसतं "अर्क" एवढंच असतं.

गुळवेलीचं तर आपल्याकडंच घडलं. कोरोनाच्या काळात लोकांनी काढे करून प्यायले, आणि २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर कावीळ झालेले सहा रुग्ण प्रसिद्ध केले. त्यातल्या चौघी बायका होत्या. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून त्रेचाळीस रुग्णांची नोंद मांडली. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लिव्हरवर उलटते तसा प्रकार यात दिसला, आणि तो आजार मुळातच बायकांत जास्त असतो. ज्यांना थायरॉईडचा किंवा अशा जातीचा दुसरा त्रास आहे त्यांनी तर लांबच राहावं.

हळदीचंही तसंच. आमटीतली हळद खुशाल खा, पिढ्यान्‌पिढ्या खाल्लीय. पण कॅप्सूलमध्ये हळदीचा सांद्र अर्क असतो आणि सोबत काळी मिरी घालतात ती रक्तात जास्त शोषली जावी म्हणून. अमेरिकेत या कॅप्सूलनंतर कावीळ झालेले रुग्ण नोंदवलेत, आणि त्यांच्यात एक विशिष्ट जनुकीय खूण जास्त सापडली. आपल्या अंगात ती आहे की नाही हे दुकानात उभं राहून कुणालाच कळत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो, बाई आणि पुरुष. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजेची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं जाळं आहे. २०१४ साली त्यांनी ८३९ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातले १३० जण पूरक गोळ्या-पावडरींमुळे आजारी पडलेले. त्यात सरळ दोन गट पडले. बॉडी बनवायच्या पावडरींनी आजारी पडलेली सगळी तरणी पुरुष मंडळी होती. त्यांची कावीळ लांबली, पण कुणी दगावलं नाही. दुसरा गट वजन कमी करायच्या, शुद्धीच्या, ताकदीच्या गोळ्या घेणाऱ्यांचा. त्यात मध्यमवयीन बायका जास्त, आणि मृत्यू किंवा लिव्हर बदलायची पाळी साध्या औषधांच्या मानाने जास्त वेळा आली. तुमची डबी या दुसऱ्या गटातली आहे आणि तुमचं वय ५१. मला काळजी वाटते ती इथं.

सिलिमारिन म्हणजे मिल्क थिसल नावाच्या वनस्पतीचा अर्क. त्याने सहसा नुकसान होत नाही, पण फॅटी लिव्हर त्याने बरं होतं असा भक्कम पुरावाही नाही. त्यासाठी ३,४५० मोजू नका. वैनींना डबी परत करा, बिलासकट. राग मानतील, पण चार दिवस.

साखरपेठेतली आक्का

मेडिकलवाले दादा, मनापासून आभार. डबीवर मिलिग्रॅम कुठंच नाही, चष्मा लावून दोनदा बघितलं. वैनींशी आज बोलते. पण व्हिटॅमिन ई तर डॉक्टरांनी लिहून दिलीय, ती तरी दोघांनी घ्यायची ना? आणि माझी लोहाची गोळी?

निवृत्त फिजिशियन

आक्का, मी सोलापुरातच पस्तीस वर्षं प्रॅक्टिस केली. इथं बसून तुम्हाला औषध लिहून देणं बरोबर नाही, ते तुमचे डॉक्टर करतील. पण तुमचे आकडे वाचून मला गप्प बसवेना.

तुमच्या घरात सगळे भाऊजींच्या रिपोर्टकडं बघतायत. मी तुमच्याकडं बघतोय.

सोनोग्राफीची ग्रेड सांगते की लिव्हरमध्ये चरबी किती. लिव्हर कडक व्हायला लागलंय का, त्यात व्रण पडतायत का, हे ग्रेड सांगत नाही. पुढं सिरॉसिसकडं, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होण्याकडं, जाणारी वाट व्रणांची असते. त्याचा अंदाज घ्यायला एक सोपा हिशोब आहे, फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी करायचं. मग हजारातल्या प्लेटलेटना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं, आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं. भाऊजींचा येतो ०.९१. तुमचा येतो १.४२. १.३ च्या खाली असेल तर सध्या निवांत, वर असेल तर पुढची तपासणी, आणि २.६७ च्या वर गेला तर लिव्हरच्या तज्ज्ञाकडं लगेच. म्हणजे ग्रेड २ वाले भाऊजी आज बऱ्यापैकी सुरक्षित कप्प्यात आहेत, आणि ग्रेड १ वाल्या तुम्हाला फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, करून घ्यायला हवा. घाबरू नका, १.४२ म्हणजे आजार ठरला असं नाही. वय वाढतं तसा हा आकडाही थोडा चढतो. पण बघून घ्यायचंच.

दुसरं, ते "४५ पर्यंत नॉर्मल". रिपोर्टवर बाई आणि पुरुष दोघांना एकच मर्यादा छापतात, आणि तिथंच बायकांचा आजार नजरेतून सुटतो. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सुचवलेली एसजीपीटीची मर्यादा पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि बायकांसाठी १९ ते २५ आहे. त्या हिशोबाने तुमचं ३८ हे बाईसाठी वाढलेलंच आहे. माझ्या प्रॅक्टिसच्या पहिल्या दहा वर्षांत मीसुद्धा असे रिपोर्ट "नॉर्मल" म्हणून परत दिलेत, त्याची रुखरुख आहे.

फरक का असतो? पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन बाईची चरबी मांड्या आणि कमरेखाली ठेवतं, पोटात आणि लिव्हरमध्ये कमी जाऊ देतं. म्हणून चाळिशीपर्यंत फॅटी लिव्हर पुरुषांत जास्त. पाळी गेली की हे कवच निघतं, चरबी पोटाकडं वळते, आणि दहा-पंधरा वर्षांत बाई पुरुषाच्या बरोबरीला येते. पन्नाशीनंतर ज्या बाईला हा आजार असतो तिच्यात तो व्रणांपर्यंत जायचा धोका त्याच वयाच्या पुरुषाहून जास्त दिसतो. आपल्या लोकांसाठी घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. तुमचे ३४ इंच म्हणजे ८६. अंगाने बारीक दिसता म्हणून कुणी विचारलंही नसेल. ज्यांना पीसीओडी होतं त्या बायकांना तर तरुणपणीच हा धोका असतो.

व्हिटॅमिन ई बद्दल. २०१० साली अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. ज्यांच्या लिव्हरचा तुकडा काढून सूज नक्की झाली होती आणि ज्यांना मधुमेह नव्हता अशा २४७ जणांना घेतलं. ९६ आठवडे रोज ८०० युनिट घेणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांची सूज सुधारली, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांची. व्रण मात्र त्याने ठळकपणे कमी झाले नाहीत. आता भाऊजींचं बघा. त्यांची साखर ६.९, म्हणजे मधुमेहाच्या कप्प्यात, आणि त्या चाचणीत मधुमेही नव्हतेच. रक्त पातळ राहायची गोळी चालू असताना व्हिटॅमिन ई ने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आणि पुरुषांसाठी खास गोष्ट अशी की अमेरिका-कॅनडातल्या ३५ हजारांहून जास्त पुरुषांवरच्या अभ्यासात रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. तो निष्कर्ष २०११ सालचा. म्हणून भाऊजींनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून दाखवाव्यात आणि विचारावं, ही कॅप्सूल मला हवीच का, आणि किती दिवस. तुम्ही त्यांच्यातली एक उचलून घेऊ नका.

लोहाचं तर मी ठामपणे सांगेन. बाईच्या अंगातून दर महिन्याला लोह बाहेर जात असतं. पाळी थांबली की ती वाट बंद झाली, आणि तुमची गोळी चालूच आहे. पुरुषाला तर ती वाट कधीच नसते. जादा लोह लिव्हरमध्येच साठतं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगात साठलेलं लोह दाखवणारा आकडा) तपासल्याशिवाय दोघांपैकी कुणीही पुढची गोळी घेऊ नये. फॅटी लिव्हरमध्ये फेरिटिन नुसत्या सुजेनेही वाढलेलं दिसतं, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच लावून घ्या. सोबत थायरॉईडही बघा, तुमच्या वयात ते राहून जातं.

आणि नातेवाईकांना सांगा की २०२३ साली या आजाराचं नावच बदललंय. आता त्याला मॅसल्ड म्हणतात, चयापचयाच्या बिघाडातून येणारा आजार. भाऊजींच्या माळेला कुणी बोट लावायचं कारण नाही.

जुळे सोलापूर, आहारतज्ज्ञ

डॉक्टरसाहेबांनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त ताटाबद्दल बोलते, कारण तिथंही बाई-पुरुष फरक आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

कोलीन नावाचं एक पोषकद्रव्य आहे. लिव्हरमधली चरबी बाहेर नेऊन रक्तात सोडायला ते लागतं. पाळी चालू असलेल्या बाईचं शरीर इस्ट्रोजेनच्या मदतीने थोडं कोलीन स्वतः तयार करतं. २००७ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या एका अभ्यासात लोकांना मुद्दाम कमी कोलीनचं जेवण दिलं. पुरुषांपैकी ७७ टक्के आणि पाळी गेलेल्या बायकांपैकी ८० टक्के जणांच्या लिव्हरला किंवा स्नायूंना त्रास सुरू झाला. पाळी चालू असलेल्या बायकांत हे प्रमाण ४४ टक्केच होतं. म्हणजे आक्का, या बाबतीत आता तुम्ही आणि भाऊजी एकाच बाकावर बसलाय. याचा अर्थ कोलीनच्या गोळ्या घ्या असा मुळीच नाही, गोळ्यांनी फॅटी लिव्हर बरं होतं असं सिद्ध झालेलं नाही. ताटात असू द्या, एवढंच. एका अंड्यात जवळजवळ १५० मिलिग्रॅम असतं. माळकरी घरात अंडं चालणार नाही, तर सोयाबीन, हरभरा, मटकी, दूध, फ्लॉवर.

आपल्या शेंगाच्या चटणीला मी शत्रू मानत नाही. कडक भाकरी, चटणी आणि वर तेलाची धार हे मात्र रोज दोन्ही वेळा नको. भाकरी ज्वारीचीच ठेवा पण एकावर या, बाकी ताट डाळ आणि भाजीने भरा. चटणी दोन चमचे. शेंगदाणे निवडताना बुरशी आलेला, काळपट, कडू दाणा दिसला तर टाकून द्या, भाजून चालवू नका. त्या बुरशीचं विष भाजल्यावरही उरतं आणि ते थेट लिव्हरवर जातं. चहा दिवसातून पाच वेळा अर्धा-अर्धा कप साखरेचा होत असेल तर तिथंच कात्री लावा. डाळिंब दाण्यांनी खा, रस काढून नको.

वजनाचं गणित दोघांचं वेगळं. पाच टक्के उतरलं की चरबी कमी व्हायला लागते, सात टक्क्यांना सूज, दहा टक्क्यांना व्रण सुद्धा मागे हटताना दिसलेत. भाऊजींना सात टक्के म्हणजे साडेपाच किलो, तुम्हाला चार. पण उपास करून उतरवू नका. या वयात बाईचे स्नायू आधी जातात, म्हणून चालण्याबरोबर जोर लागेल असा व्यायाम हवा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पंधरा-पंधरा वेळा, इथून सुरुवात करा.

साखरपेठेतली आक्का

सगळ्यांचं परत परत वाचलं. डॉक्टरसाहेब, तुमचा तो हिशोब मुलाकडून मोबाईलवर करून घेतला, तेच आकडे आले. मग यांना वाचून दाखवलं. "मी तुमच्याकडं बघतोय" या ओळीला हे गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझा कागद कुठंय?" शिबिरापासून माझा रिपोर्ट मी टॉवेलच्या गठ्ठ्याखाली ठेवला होता, तो शोधायला लागला.

वैनींनी डबी परत घेतली, पैसे पुढच्या महिन्यात देते म्हणाल्या. लोहाची गोळी दोघांची थांबवली, आज सकाळी फेरिटिन आणि थायरॉईडला रक्त दिलं. व्हिटॅमिन ई साठी हे सोमवारी आपल्या डॉक्टरांकडं जातायत, सगळ्या गोळ्यांची पिशवी भरून दाराला अडकवून ठेवलीय. चहा मी पाचावरून दोनावर आणलाय, डोकं दुखतंय पण चालेल.

फायब्रोस्कॅनची तारीख गुरुवारची मिळाली, आधी तीन तास काही खायचं नाही म्हणाले. आमच्याकडं पाणी सुटायचा दिवसही गुरुवारच येतोय. इतक्या वर्षांत पाण्याच्या दिवशी मी घर सोडलेलं नाही. या वेळी हौद, पिंप आणि घागरी भरायचं काम यांनी अंगावर घेतलंय, आणि शिफ्ट बदलून मागितलीय. रिपोर्ट आला की इथंच टाकते.